नोनोग्राम : अंदाजाविना उकल

चौकटींच्या जाळीत दडलेले चित्र केवळ आकड्यांवरून उघड करण्याचे कोडे. प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि उभ्या ओळीच्या माथ्यावर आकडे असतात. ‘3 4’ म्हणजे त्या ओळीत आधी सलग 3 काळी घरे, मग निदान एक कोरे घर, मग सलग 4 काळी घरे. जपानमध्ये नोन इशिदा आणि तेत्सुया निशिओ यांनी 1987च्या सुमारास हा प्रकार स्वतंत्रपणे शोधला. इंग्लंडमध्ये जेम्स डॅलगेटी यांनी त्याला इशिदांवरून नाव दिले आणि 1990 पासून ‘द संडे टेलिग्राफ’ने तो छापायला सुरुवात केली.

नीट रचलेल्या नोनोग्रामला अंदाजाची गरज नसते. अंदाजाने काळे केलेले घर चुकले, तर ती चूक पंधरा-वीस घरे पुढे गेल्यावर कळते आणि तोवर कोणते घर सिद्ध झालेले आणि कोणते मानलेले, हेच सांगता येत नाही.

पायाभूत युक्ती अशी : सलग काळ्या घरांचा गट अगदी डावीकडे सरकवून पाहावा, मग अगदी उजवीकडे. दोन्ही वेळा जी घरे झाकली जातात ती नक्की काळी. 10 घरांच्या ओळीत ‘7’ असेल तर चौथ्यापासून सातव्यापर्यंतची 4 घरे लगेच मिळतात. ‘3 4’ला आकडे आणि मधले कोरे घर मिळून 8 घरे लागतात, 2 सुटी राहतात, म्हणून तिसरे, सातवे आणि आठवे घर नक्की.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात किंवा वाडीत रविवारचे शब्दकोडे घेऊन बसणाऱ्या मराठी घरांना आडवे-उभे नवे नाही. पण शब्दकोड्यात एखादा शब्द सुचून जातो, इथे प्रत्येक घराला कारण लागते. उदाहरणादाखल वडोदऱ्याची मांडवी घेऊ. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडे जाणारे रस्ते जिथे मिळतात तिथली ही चौकोनी इमारत, प्रत्येक बाजूला तीन कमानी. 15 × 15च्या जाळीत तिचे साधे चित्र काढले, तर छताच्या ओळीवर ‘13’ येईल आणि खांबांच्या ओळीवर ‘1 1 1 1’. नवशिका खांबांपासून सुरुवात करतो आणि अडकतो, कारण तिथे 8 घरे सुटी आहेत. एकही घर सिद्ध होत नाही. छताच्या ओळीत मात्र 11 घरे तत्काळ मिळतात. खांबांच्या चार उभ्या ओळींवर ‘10’ असेल, तर प्रत्येकीत मधली 5 घरे पक्की होतात. त्या पाच आडव्या ओळींत चारही खांब सापडले, म्हणजे उरलेल्या 11-11 घरांत फुल्या, म्हणजे ‘हे घर कोरे’ अशा खुणा. एकदम 55 कोरी घरे ठरली.

ही फुलीच बहुतेकांकडून दुर्लक्षिली जाते, हे मोठे नुकसान आहे. दोन फुल्यांमधली जागा गटाहून लहान असेल तर गट तिथे बसत नाही. गट पूर्ण झाला की त्याच्या दोन्ही टोकांना फुली येते. निम्मी उकल कोऱ्या घरांतून निघते.

अवघड कोड्यात एकेक ओळ पाहून भागत नाही. तेव्हा ‘हे घर काळे मानले तर’ असे म्हणून पुढे जावे आणि विसंगती निघाली की तिथे फुली मारावी. हा अंदाज नव्हे, सिद्धता आहे. मात्र विसंगती निघाली नाही तर मानलेले सगळे पुसलेच पाहिजे. कोणत्याही आकाराच्या नोनोग्रामला उत्तर आहे का, हे ठरवणे एनपी-कम्प्लीट, म्हणजे उत्तर तपासायला सोपे पण ते शोधायची झटपट रीत ठाऊक नसलेल्या अवघड प्रश्नांपैकी, असल्याचे उएदा आणि नागाओ यांनी 1996 मध्ये दाखवले. त्यामुळे सगळ्या कोड्यांना पुरेल अशी झटपट रीत आजवर कोणाला ठाऊक नाही.

कधी दोष कोड्याचाच असतो. 2 × 2च्या जाळीत चारही ओळींवर ‘1’ असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ठरतात, आणि तिथे तर्क संपतो. मोठ्या चित्रात अशी जागा राहिली तर रचणाऱ्याने एखादे घर बदलून उत्तर एकच करावे.