खिशातला 022: ठाणे-नवी मुंबईच्या नंबरांची पार्श्वभूमी

022 आणि पुढे आठ आकडे म्हणजे लँडलाइन, हे ठाणे-वाशीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. 2002च्या सुमारास सात आकड्यांचे आठ झाले, जुन्या नंबरांपुढे 2 लागला आणि ठाण्याचे नंबर बहुधा 25ने, नवी मुंबईचे 27ने सुरू व्हायला लागले. जुन्या पाट्यांवर तो 2 मागाहून, जागा काढून रंगवलेला कळायचा. मोबाइल 98ने सुरू व्हायचा. 9820 किंवा 9821 दिसलं की मुंबई सर्कल (मोबाइल परवान्याचा विभाग), आणि कंपनी कुठली तेही कळायचं.

घोळ झाला डब्ल्यूएलएलमुळे, म्हणजे बिनतारी लँडलाइनमुळे. घरापर्यंत तार ओढायचा खर्च वाचवण्यासाठीचं हे तंत्र. पण 2001मध्ये लँडलाइनचा परवाना असलेल्या कंपन्यांना त्यावर ‘मर्यादित फिरता’ फोन द्यायला मुभा मिळाली. परवाना लँडलाइनचा, म्हणून नंबरही लँडलाइनसारखा: 022, पुढे 3ने सुरू होणारे आठ आकडे. हँडसेट मात्र खिशात! मर्यादा होती एसटीडी कोडच्या क्षेत्राची. म्हणजे ठाण्यात घेतलेला फोन बोरिवलीत चालावा, वाशीत चालावा आणि डोंबिवलीत नियमाने बंद पडावा, कारण तिथे 0251 लागतो. गंमत म्हणजे खऱ्या मोबाइलच्या मुंबई सर्कलमध्ये कल्याण पहिल्यापासून होतं. तेव्हा डोंबिवलीकराचा मोबाइल मुंबईचा आणि लँडलाइन कल्याणची.

मोबाइल कंपन्या चिडल्या. आम्ही परवान्याला एवढे पैसे मोजले आणि हे मागच्या दाराने आत, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. दरांची चढाओढ लागून गिऱ्हाईकाचं भलं झालं, हेही तितकंच खरं. भांडण कोर्टात गेलं. डिसेंबर 2002मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण दूरसंचार न्यायाधिकरणाकडे परत पाठवलं. ऑगस्ट 2003मध्ये तिथे दोन विरुद्ध एक असा निकाल ‘मर्यादित फिरत्या’ फोनच्या बाजूने लागला. नोव्हेंबरात सरकारने लँडलाइन-मोबाइलचा एकत्रित परवाना आणून वादच गुंडाळला. जादा शुल्क भरा, हवं तिथे फिरा. खिशातले 022वाले मग 92, 93च्या मोबाइल मालिकांत गेले. त्याच वर्षी मे महिन्यात मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले, पण लँडलाइनवरून मोबाइल लावणं महागलं. समोरचा नंबर कुठल्या जातीचा हे बघण्यामागे तेव्हा रोकडं कारण होतं.

पुढे मोबाइलला 9 अपुरा पडला. 8, 7, 6 आले. +91 लावून लिहिलेला नागपूरचा लँडलाइन नंबर 712ने सुरू होतो आणि मोबाइलच वाटतो; बंगळुरूच्या 80चंही तेच. आपले 22 आणि 251 यातून सुटले. पण जानेवारी 2011पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, जुलै 2015पासून सर्कलही. आता 9820 बघून फार तर नंबराचं माहेर कळतं.

15 जानेवारी 2021पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावताना आधी 0 लागतो. त्याआधी तो सर्कलबाहेरच्या मोबाइललाच लागायचा. फेब्रुवारी 2025मध्ये तर लँडलाइन ते लँडलाइनही 0 आणि कोडसकट लावावं अशी शिफारस झाली आहे. म्हणजे ठाण्यातल्या ठाण्यात, नौपाड्यातून चरईत फोन करायचा तरी आधी 022.