खाजण शेती

गोव्यातील मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या खाडीपट्ट्यात, भरतीच्या पातळीखाली असलेल्या जमिनीला बांध घालून तीत पावसाळ्यात भात आणि उरलेल्या वर्षात मासळी घेण्याची जुनी पद्धत. या जमिनीला खाजण म्हणतात. गोव्यात खाजणांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर धरले जाते. त्यातले प्रत्यक्ष भाताखाली उरलेले क्षेत्र त्याहून बरेच कमी आहे. शेती आणि मत्स्यपालन एकाच जमिनीवर, बाहेरचे खाद्य न घालता कसे चालवावे यावर आज होणाऱ्या संशोधनात खाजणांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. केरळातील पोक्काळी आणि कर्नाटकात अघनाशिनीच्या मुखाजवळची गजनी ही याच कुळातली. रायगड-रत्नागिरीतल्या खारजमिनी त्यांच्या जवळच्या नात्यातल्या.

ही पद्धत किती जुनी हे नेमके सांगणे अवघड. मात्र कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्म्याच्या बांदोडे ताम्रपटात, म्हणजे साधारण सहाव्या-सातव्या शतकात, ‘खज्जन’ जमीन दान दिल्याचा उल्लेख सापडतो. तेव्हा हा शब्द रूढ होता, म्हणजे कामही रूढ असणार.

रचना : खाजणाचे तीन भाग महत्त्वाचे. पहिला बांध. नदीकडचा बाहेरचा बांध जांभ्या दगडाने धरलेला, आतले बांध चिखलमाती, पेंढा आणि बांबूचे. दुसरा पोंय, म्हणजे आतल्या बाजूचा सर्वांत खोल जलसाठा. भाताच्या दिवसांत मासळी इथेच राहते. तिसरी मानस, बांधात बसवलेली लाकडी दारांची मोरी. भरती चढू लागली की नदीच्या पाण्याच्या दाबाने मानशीच्या फळ्या आपोआप मिटतात; ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. वीज नाही, पंप नाही. मासळीसाठी खारे पाणी आत घ्यायचे असेल तेव्हा मात्र दार माणसाने धरून उघडे ठेवावे लागते. सगळा व्यवहार या एका अपवादावर उभा आहे, आणि सगळी भांडणेही.

नियम तसा साधा : पोंयीतल्या पाण्याची पातळी शेताच्या पातळीखाली राहिली पाहिजे. ती चढली की मीठ शेतात गेलेच.

वर्षचक्र : उन्हाळ्यात जमीन तापते, खालचे मीठ केशाकर्षणाने वर येते आणि ढेकळांवर पांढरा थर दिसतो. जूनमधले पहिले मोठे पाऊस हा थर विरघळवतात. ओहोटीबरोबर ते पाणी मानशीतून बाहेर काढले जाते. मग मोड आलेले बी पेरतात. ऑक्टोबरच्या सुमारास कापणी होते, आणि त्यानंतर खारे पाणी आत येऊ दिले जाते. भरतीबरोबर सुंगटांची (कोळंबीची) पिल्ले, शेवटे, काळुंदर, चणक (रायगडात त्यालाच जिताडा म्हणतात) हे मासे आणि कुर्ल्या (खेकडे) आत शिरतात. बी विकत घ्यायचे नाही, खाद्य टाकायचे नाही. भाताच्या खुंटांवर आणि कुजलेल्या पेंढ्यावर वाढणारे सूक्ष्मजीव हेच त्यांचे अन्न. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणानंतर ओहोटीला मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावून मासळी धरतात. मासळीची विष्ठा आणि गाळ पुढच्या भाताला खत म्हणून पडतात. शेतात कीटकनाशक फवारले तर पोंयीतली मासळी मरते, त्यामुळे रसायनांचा मोह इथे आपोआपच आवरावा लागतो. काही खाजणांत उन्हाळ्यात मिठागरेही चालत.

खारे पाणी कायमचे बंद केले तर प्रश्न सुटेल, असे बाहेरच्याला वाटते. पोक्काळीच्या मातीचा अभ्यास वेगळे सांगतो. तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांखाली तयार झालेल्या अशा मातीत गंधकाची संयुगे असतात. ती फार कोरडी पडून हवेशी आली की आम्ल तयार होते. पाण्याचे येणे-जाणे हा जमिनीच्या आरोग्याचाच भाग आहे.

वाण आणि संशोधन : कोरगूट हा खाजणाचा ओळखीचा भात. उंच, कुसळाचा, तांबड्या दाण्याचा. क्षार सोसतो, पण उत्पन्न बेताचे आणि वाऱ्यापावसात लोळतो. पेजेला मात्र त्याचीच चव, असे जुनी माणसे सांगतात. जुन्या गोव्यातील एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगूटमधूनच निवड करून गोवा धान-१ आणि गोवा धान-२ हे क्षारसहनशील वाण दिले. ज्या वाणाला मागास म्हणून बाजूला सारले जात होते, त्याच्याच पोटातून सुधारित वाण निघाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोक्काळी शेतांतल्या त्याच नावाच्या भाताची गोष्ट याहून मोठी. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोक्काळीचा आयआर-२९ या दुसऱ्या वाणाशी संकर करून तयार झालेल्या पिढ्यांत, पहिल्या गुणसूत्रावर ‘साल्टॉल’ नावाचा क्षारसहनतेचा भाग सापडला. नंतर तो अनेक देशांच्या वाणांत उतरवला गेला.

महाराष्ट्रात पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र (दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे) हे काम करते. काळारता, भुरारता हे तिथले जुने वाण, आणि पनवेल-१, २, ३ हे नंतरचे. फरक असा की महाराष्ट्रात खारभूमीचा विचार मुख्यतः समुद्र बाहेर ठेवण्याच्या दिशेने झाला. १९७९ चा खारजमीन विकास कायदाही बांध आणि जमीन सुधारणेभोवती फिरतो. मासळी त्या हिशेबात मागे राहिली. तरी अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंड भागात शेतकरी शेतातल्या तळ्यांत जिताडा पाळतात, तो सरकारी योजनेतून आलेला नाही.

कोळंबी प्रकल्पांशी तुलना : १९९० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर सघन कोळंबीपालन झपाट्याने पसरले आणि १९९४-९५ पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने ते हादरले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील सघन कोळंबी प्रकल्प हटवण्याचा आदेश दिला. पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धतींना त्यातून वगळले. खाजणांसारख्या पद्धतींना त्या सवलतीने आधार मिळाला. पुढे २००५ मध्ये किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा आला, आणि २००९ पासून व्हेनामेई या परदेशी जातीच्या कोळंबीने देशाच्या निर्यातीचा चेहराच बदलला. प्रति हेक्टरी कोळंबी मोजली तर खाजण त्या शर्यतीत कुठेच नाही. पण तिथल्या हिशेबात खाद्याची गोणी, वायुवीजनाची वीज आणि औषधे असतात; इथे ती ओळच कोरी असते.

व्यवस्था आणि तिचा ऱ्हास : बांध फुटला तर एकाचे नाही, सगळ्या खाजणाचे नुकसान. म्हणून राखण सामूहिक होती : आधी ‘गावकरी’ ही गावाची सामायिक संस्था, पोर्तुगीज काळात तिलाच कोमुनिदाद म्हटले गेले. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची ‘कसेल त्याची जमीन’ दुरुस्ती यांमुळे कुळाला न्याय मिळाला. बांधांची जबाबदारी कुळांच्या मंडळांकडे आली. मासळीचा हक्क मानशीच्या लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून बांधांची डागडुजी व्हावी, अशी अपेक्षा. लिलाव घेणारा मात्र भात कसत नाही. दार जितका वेळ उघडे, तितकी त्याची मासळी जास्त. मग पोंय भरते, खारे पाणी वाफ्यांत जाते, आणि दोन-तीन हंगाम भात बुडाला की शेतकरीच कंटाळून लिलावाच्या वाट्यावर समाधान मानतो. काही ठिकाणी शेतकऱ्यांनीच पेरणी सोडली आहे. नुसता वाण बदलून हे थांबणार नाही. प्रयोगशाळेत क्षार सोसणारे रोप तयार होते, लिलावाच्या अटी तयार होत नाहीत.

त्यात बार्जच्या (मालवाहू बोटींच्या) लाटांनी झिजणारे बांध, बांधात बिळे पाडणाऱ्या कुर्ल्या, मजुरांची टंचाई आणि चढती समुद्रपातळी यांची भर आहे. चिखलात कापणी यंत्रे रुततात, त्यामुळे मजुरीला पर्यायही मिळत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांना संरक्षण देऊन व्यवस्थापन आराखडा करण्याची तरतूद आली. बांधकामाला त्याने काही प्रमाणात आळा बसतो. ओस पडलेल्या शेताला नाही. अशा शेतात काही वर्षांत तिवरे रुजतात. तिवरे ही कायद्याने राखलेली झाडे, मासळीला आणि किनाऱ्याला हितकारकही. म्हणून एकदा ती दाट झाली की तिथे पुन्हा नांगर घालण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. चोडणच्या फेरीबोटीतून दिसणाऱ्या दाट तिवरवनाकडे पाहताना त्यात जुना बांध कुठे होता, हे ओळखायला आता गावातलाच माणूस बरोबर लागतो.