सोन हारोचो

सोन हारोचो : मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरील व्हेराक्रूझ राज्याच्या दक्षिण भागात, मुख्यतः पापालोआपान नदीच्या खोऱ्यात व तुश्त्ला डोंगरांच्या परिसरात रुजलेले लोकसंगीत. ते जिथे गायले, वाजवले व नाचले जाते, त्या रात्रभराच्या मेळ्याला फांदांगो म्हणतात.

स्पॅनिश, आफ्रिकी व स्थानिक आदिवासी परंपरांच्या मिश्रणातून ही शैली बहुधा अठराव्या शतकात आकाराला आली. कोणाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. १७६६ मध्ये कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशन) व्हेराक्रूझमधील ‘चुचुम्बे’ या गीत-नृत्यावर बंदी घातली. हा उगमाचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण त्या कागदांत शब्द व हावभाव यांची तक्रार आहे, चाल नाही. हे नृत्य क्यूबातील हवानामार्गे आले असा त्यांतील उल्लेख मात्र महत्त्वाचा असून कॅरिबियन बंदरांच्या देवघेवीवर भर देणारे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. ‘ला बाम्बा’ या शैलीतील प्रसिद्ध गीताची उत्पत्ती १६८३ च्या चाच्यांच्या हल्ल्याशी जोडणारी कथा लोकप्रिय आहे, तिला आधार तोकडा.

मुख्य वाद्य हाराना, हे गिटारसारखे लहान तंतुवाद्य. बहुधा सेद्रो या स्थानिक झाडाच्या लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून मान व पोट कोरून काढतात, वर पातळ फळी चिकटवतात. लाकूड पुरते वाळलेले नसेल, तर मान वाकते आणि सूर टिकत नाही. आठ तारा पाच गटांत असतात : कडेच्या दोन एकेरी, मधले तीन गट जोडतारांचे. सोल-दो-मी-ला-सोल (पाश्चात्त्य स्वरनावे) ही एक रूढ जुळणी. रेकिंतो हे चार तारांचे गिटारसारखे वाद्य गाईच्या शिंगाच्या लांब नखीने वाजवतात. चाल उघडून देण्याचे काम त्याचे. ज्यावर नाचतात त्या पोकळ लाकडी मंचाला तारिमा म्हणतात. गायन चालू असताना नर्तक पावले हलकी ठेवतात आणि कडवे संपले की टाचा जोरात आपटतात. हे भान सुटले, तर शब्द ठोक्यांत बुडतात. बहुतेक चालींत ६/८ व ३/४ हे ताल एकमेकांत गुंतलेले असतात. ‘ला बाम्बा’ द्विमात्रिक असल्याने अपवाद.

अमेरिकन रॉक गायक रिची व्हॅलेन्सच्या १९५८ च्या रॉक आवृत्तीने ‘ला बाम्बा’ जगभर पोचले. विसाव्या शतकाच्या मध्यात व्यावसायिक वाद्यवृंदांनी आर्पा (हार्प) हे वाद्य पुढे आणून गती वाढवली. खेड्यांतले फांदांगो ओसरत गेले. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या मोनो ब्लांको या गटाने वृद्ध वादकांकडून जुन्या चाली शिकून फांदांगो पुन्हा भरवण्यास चालना दिली. व्हेराक्रूझमधील त्लाकोतालपान या गावी फेब्रुवारीच्या आरंभी, कांदेलारिया या कॅथलिक सणाच्या उत्सवात, हाराना वादकांचे संमेलन भरते.