गीथोर्नचं पाणी आलं कुठून?

नेदरलँड्सच्या ओव्हरआयसेल प्रांतातलं गीथोर्न बिनरस्त्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथले कालवे मात्र हौसेखातर खणलेले नाहीत. ते शतकानुशतकं चाललेल्या पीट-उपशातून उरले आहेत.

पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. वाळवला की तो जळण म्हणून चालतो. वरचा कोरडा थर संपल्यावर पाण्याखालचा उपसावा लागे. लांब दांड्याच्या टोकाला लोखंडी कडं आणि त्याला जाळी, अशा अवजाराने चिखल वर काढत. तो पाणी घालून, तुडवून एकजीव करत आणि शेजारच्या जमिनीच्या अरुंद पट्टीवर पसरत. पाणी निथळलं की पायांना फळ्या बांधून तो दाबायचा, मग विटांसारखे तुकडे कापून, मधून वारा खेळेल असे रचून वाळवायचे. काम वसंतात सुरू करून उन्हाळ्यातच उरकावं लागे, कारण ओल्या तुकड्यांवर हिमतुषार पडले की ते भुगा होऊन जात.

खरी गफलत या पट्ट्यांत झाली. जास्त पीट मिळावं म्हणून खड्डे रुंद होत गेले आणि पट्ट्या अरुंद. पलीकडे झाउडरझे ही समुद्राला उघडी असलेली खाडी होती. वादळात लाटांनी पट्ट्या कापल्या, खड्डे एकमेकांना मिळाले; पाण्याचा विस्तार वाढला तशा लाटाही मोठ्या झाल्या. 1776 च्या वादळी पुरात शेजारचं ब्यूलाके गाव बुडालं. आज तिथे ब्यूलाकरवाइडे हे सरोवर आहे. फेब्रुवारी 1825 च्या पुराने ओव्हरआयसेलमध्ये 300 हून अधिक बळी घेतले. त्यातून धडा घेऊनच वायव्येच्या वेरिबेन भागात पट्ट्या राखून उपसा झाला, म्हणून तिथली जमीन अजून टिकून आहे.

पीट नेण्यासाठी खणलेले चर हेच गीथोर्नचे रस्ते झाले. गवत, गाई, सगळं सपाट बुडाच्या 'पुंटर' होड्यांतून, बांबूसारख्या लांब काठीने रेटत जाई. गवताने भरलेली होडी खालून जावी म्हणून पूल उंच बांधले. पाणी जेमतेम मीटरभर खोल, त्यामुळे काठी तळाला टेकते.

1932 मध्ये झाउडरझेचं तोंड बंद करणारा आफस्लाउटडाइक बांध पुरा झाला आणि समुद्राची भीती संपली. पर्यटकांचा ओघ लागला तो 1958 च्या बर्ट हान्स्ट्रा यांच्या 'फानफारे' चित्रपटानंतर. त्याचं चित्रीकरण याच गावात झालं होतं.