बिघडलेला कट आणि केस वाढण्याआधीचे तीन आठवडे

शर्ट आवडला नाही तर बदलता येतो, चष्म्याची फ्रेम परत करता येते. मनासारखा न झालेला कट मात्र डोक्यावर घेऊनच दुसऱ्या दिवशी कामाला जावं लागतं. तरीही या दुःखाला कुणी फारशी किंमत देत नाही. "केसच आहेत, वाढतील की," असं म्हणून विषय संपवला जातो. हे उत्तर मला दोन कारणांनी अपुरं वाटतं. एक म्हणजे आरशात पाहून पोटात जो गोळा येतो, त्याला चेहरे ओळखण्याच्या मेंदूच्या पद्धतीत भक्कम आधार आहे. दुसरं म्हणजे, सगळं काही केस वाढण्यावरच अवलंबून असतं हे खरं नाही. बिघडलेल्या कटाचा बराचसा त्रास केस डोळ्यांना जाणवण्याइतके वाढण्याआधीच कमी होतो. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या दोन दिवसांत माणसं घाईने कात्री हातात घेतात आणि निभावून नेता आला असता असा कट खरोखर बिघडवून बसतात.

सुरुवात चेहऱ्यापासून करू. चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड असं आपण धरून चालतो. मेंदू तसं धरत नाही. तो चेहरा सुटा सुटा न पाहता एकसंध आकृती म्हणून पाहतो, आणि या आकृतीची चौकट केसच ठरवतात. पवन सिन्हा आणि टोमासो पोजिओ यांनी १९९६ साली 'नेचर'मध्ये एक छायाचित्र छापलं होतं. त्यात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि उपाध्यक्ष अल गोर शेजारी शेजारी दिसतात. प्रत्यक्षात गोर यांच्या चेहऱ्यावर क्लिंटन यांचेच डोळे, नाक आणि तोंड बसवलेले होते. केस आणि चेहऱ्याची कड तेवढी गोर यांची ठेवली होती. तरीही पाहणाऱ्याला दोन वेगळी माणसं दिसत राहतात. केस बदलले की चेहऱ्याची ओळख किती हलते, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. म्हणून कट बिघडल्यावर "हा मी नव्हेच" असं वाटतं तेव्हा ती अतिशयोक्ती नसते.

इथेच पुढची गोष्ट येते. आरशातला चेहरा आपण आयुष्यात हजारो वेळा पाहिलेला असतो, आणि सवयीचं ते आवडतं हा मेंदूचा जुना कल आहे. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली, तरी ती अधिक आवडू लागते. तिच्यात चांगलं काही असण्याचीही गरज नसते. थिओडोर मिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली ही कल्पना चेहऱ्यांवर तपासली. त्यांनी विद्यार्थिनींच्या छायाचित्राच्या दोन प्रती काढल्या, एक सरळ आणि एक डावं-उजवं उलटवलेली. विद्यार्थिनींना स्वतःची उलटी प्रत जास्त आवडली, कारण आरसा रोज तीच दाखवतो. त्यांच्या मैत्रिणींना सरळ प्रत आवडली, कारण त्या तोच चेहरा समोरून पाहत होत्या. चेहरा एकच, फरक फक्त सवयीचा.

नवा कट हा या सवयीवरचा आघात असतो. पहिल्या दिवशी आपण जे नापसंत करतो त्यात किती भाग खरोखर वाईट आहे आणि किती नुसता अनोळखी आहे, हे त्या दिवशी वेगळं करता येत नाही. काही दिवस गेले की अनोळखीपणा आपोआप ओसरतो. त्यासाठी केस एक मिलिमीटरही वाढावे लागत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसाच्या मतावर कोणताही निर्णय घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

या काळात मोबाइलचा पुढचा कॅमेरा फार नुकसान करतो. तो चेहऱ्याच्या अगदी जवळ असतो, आणि जवळून काढलेल्या फोटोत पुढे आलेले भाग मोठे, मागचे लहान दिसतात. साधारण एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितात निघालं. त्याच नियमाने कपाळावरची आखूड बट उठून दिसते आणि कानांमागचे केस दबल्यासारखे वाटतात. शिवाय काही फोन स्क्रीनवर आरशासारखी प्रतिमा दाखवतात आणि साठवताना ती उलटवतात, त्यामुळे भांगसुद्धा भलत्याच बाजूला गेलेला दिसतो. कट कसा झाला हे पाहायचंच असेल तर दुसऱ्या कुणाला दोन पावलं मागे उभं राहून फोटो काढायला सांगावं.

आता लोकांबद्दल. "सगळे माझ्याच केसांकडे बघणार" ही भीती बहुतेकांना वाटते, आणि तिची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एक टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यावर गायक बॅरी मॅनिलो यांचं मोठं चित्र होतं, आणि त्या वयाच्या मुलांना ते अंगावर मिरवणं लाजिरवाणं वाटत होतं. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल, असा टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी याच गटातल्या संशोधकांनी आपल्या विषयाच्या आणखी जवळ जाणारा प्रश्न विचारला: एरवीपेक्षा आज आपण बरे दिसतो की वाईट, यातला रोजचा चढउतार इतरांना कितपत जाणवतो? इथेही उत्तर तेच निघालं. आपल्याला स्वतःच्या दिसण्यात जेवढे चढउतार वाटतात, तेवढे समोरच्यांना दिसतच नाहीत.

जवळच्या माणसांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. अनोळखी चेहरा लक्षात ठेवताना केस आणि बाह्यरेषा यांना आपण डोळे-नाकाइतकंच वजन देतो, पण ओळखीच्या चेहऱ्याची खूण मात्र आपण मुख्यतः डोळे, नाक, तोंड या आतल्या भागावरून पटवतो. हॅडन एलिस आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवलेला हा फरक नंतरही वारंवार आढळला. घरातल्यांनी "केस कापलेस का?" असं दोन दिवसांनी विचारलं तर तो दुर्लक्षाचा प्रकार समजू नये. त्यांची नजर तुमच्या डोळ्यांवर स्थिरावलेली असते.

केसांचं स्वतःचं विज्ञान मात्र मला या सगळ्यापेक्षा जास्त दिलासा देणारं वाटतं.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्यांना बांधून ठेवणारे काही बंध पक्के असतात आणि काही पाण्याने सुटणारे. हे दुसरे म्हणजे हायड्रोजन बंध. केस ओला झाला की ते सुटतात, केस मऊ पडतो, ताणला जातो, त्याची वळणं सरळ होतात. वाळताना तेच बंध पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी केस ज्या आकारात असेल तो आकार तात्पुरता कायम होतो. कट बहुतेकदा ओल्या केसांवर होतो. ओल्या केसांत बरोबर वाटलेली लांबी वाळल्यावर आखूड होते. कुरळ्या केसांत तर हा फरक कित्येक सेंटिमीटरचा असू शकतो. शिवाय सलूनमध्ये केस ड्रायरने एका दिशेला ओढून वाळवलेले असतात, म्हणजे तिथून बाहेर पडताना दिसतो तो आकार बराचसा त्या वाळवण्याचा असतो. घरी नेहमीच्या पद्धतीने केस धुऊन वाळवले की मगच खरा कट समोर येतो. तो सलूनमधल्यापेक्षा वाईट निघेल किंवा चांगलाही, पण मत बनवायचं ते त्याच्यावर.

आता सगळ्यात जास्त तक्रार असते तिच्याकडे येऊ: केस बसत नाहीत, उभे राहतात. हे कारागिराचं कौशल्य कमी पडलं म्हणूनच होतं असं नाही. त्यामागे वाकण्याचं साधं यांत्रिक गणित आहे. स्टीलची लवचीक पट्टी टेबलाच्या कडेबाहेर थोडी काढली तर ताठ राहते, जास्त काढली तर टोक खाली झुकतं. एका टोकाला घट्ट धरलेली वस्तू स्वतःच्या वजनाने किती वाकेल, हे तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. लांबी निम्मी केली की झुकणं निम्मं न होता सोळाव्या हिश्शावर येतं. त्यामुळे कपाळावरचे केस एक-दोन सेंटिमीटर जास्त कापले गेले तरी ते अचानक छपरासारखे पुढे उभे राहतात. राठ, जाड केसांत हे अधिक होतं, कारण केसाची जाडी वाढते तसा त्याचा ताठपणा वजनापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो.

हाच नियम उलट्या दिशेने आपल्या कामी येतो. डोक्याचा केस दिवसाला साधारण ०.३५ मिलिमीटर वाढतो. तीन आठवड्यांत ही वाढ सात मिलिमीटरच्या आसपास भरते. चार सेंटिमीटरच्या केसात ही भर पाचव्या हिश्शाहूनही कमी, आरशात जेमतेम जाणवेल एवढी. पण चौथ्या घाताच्या हिशोबाने त्याच केसाचं झुकणं जवळपास दुप्पट होतं. खरा केस आदर्श पट्टीसारखा वागत नाही. त्याला वळण असतं, शेजारचे केस त्याला अडवतात, तेल आणि घाम चिकटतो. तरी दिशा हीच असते. "केस आता बसायला लागले" हा तीन आठवड्यांनी येणारा अनुभव लांबीपेक्षा वाकण्यातून येतो.

या काळात कापलेली कडही मवाळ होते. सगळे केस एका वेळी वाढत नाहीत. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत आणि उरलेले बहुतेक विश्रांतीच्या अवस्थेत. वाढणाऱ्यांचा वेगही थोडा वेगवेगळा असतो. त्यामुळे कात्रीने आखलेली सरळ रेघ आपोआप विस्कटते, कल्ल्यांजवळची आणि मानेवरची धारदार कड पुसट होते. दोन पातळ्यांमधली पायरी मात्र इतक्यात जात नाही. तिला कारागिराचाच हात लागतो.

भोवऱ्याची गोष्ट वेगळी आहे. केस त्वचेतून कोणत्या कोनात बाहेर यायचा हे गर्भावस्थेतच ठरतं. २००४ साली जेरेमी नेथन्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की फ्रिझल्ड-६ नावाचं जनुक नसलेल्या उंदरांच्या अंगावर केसांची दिशा भरकटते आणि नको तिथे भोवरे पडतात. मुळातच ठरलेला हा कोन जेलने वा ड्रायरने बदलत नाही. भोवऱ्यावरचे केस फार आखूड झाले असतील तर लांबी येईपर्यंत त्यांना नैसर्गिक दिशेनेच विंचरणं शहाणपणाचं.

वाढ लवकर व्हावी म्हणून लोक काय काय करतात! टोकं वारंवार कापल्याने केस भराभर वाढतात हा समज तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. केसाचा दिसणारा भाग मृत असतो. पेशींचं विभाजन चालतं ते त्वचेखाली, मुळाशी, आणि कात्रीची खबर तिथे पोहोचत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच दाढी करणाऱ्या पुरुषांवर मोजमाप करून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केसांचा वेगही बदलत नाही आणि जाडीही नाही. बायोटिनच्या गोळ्यांचंही तसंच. शरीरात त्याची कमतरता नसेल तर त्या केस वाढवतात याला चांगला पुरावा नाही, आणि मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइड व हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ साली दिला. एका कटापायी हा धोका पत्करू नये.

दुरुस्ती करायचीच असेल तर दोन-तीन वेळा केस धुऊन झाल्यावर, शक्यतो त्याच कारागिराकडे जावं. "जमलं नाही, नीट करा" एवढ्याने भागत नाही. नेमकी जागा दाखवावी: हा कल्ला त्या कल्ल्यापेक्षा लांब आहे, इथे पायरी दिसते, इथे केस फुगतात. लांब राहिलेली बाजू जुळवणं सोपं असतं. फुगीरपणासाठी मुळाजवळ केस विरळ करून घेणं मात्र टाळावं. तिथे कापलेले आखूड, ताठ केस लांब केसांना खालून उचलतात आणि काही दिवसांनी फुगवटा आणखी वाढतो. विरळणी टोकांकडच्या भागात करायला सांगावी.

मनाच्या बाजूने सांगायचं तर आरशासमोरचा वेळ कमी करणं हा मला सर्वांत परिणामकारक उपाय वाटतो. लंडनमधल्या संशोधकांनी २०११ साली पाहिलं की ज्यांना कोणताही मानसिक आजार नाही अशा लोकांचीही अस्वस्थता दहा मिनिटं आरशात निरखून पाहिल्यावर वाढते. सकाळी विंचरण्यापुरता आरसा पुरे. ही अस्वस्थता किती काळ टिकेल याचा आपला अंदाजही सहसा चुकतो. डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी १९९८ साली दाखवलं की नोकरीतली निराशा किंवा प्रेमभंग यांसारख्या मोठ्या धक्क्यांचाही परिणाम माणसं प्रत्यक्षापेक्षा फार लांबवून कल्पितात.

एक अपवाद गांभीर्याने घ्यायला हवा. केसांच्या विचारात रोज तासन्‌तास जात असतील, माणूस बाहेर पडायचं टाळत असेल, आठवडे उलटूनही ते थांबत नसेल, तर प्रश्न कटाचा राहिलेला नसतो. स्वतःच्या दिसण्यातल्या, इतरांना न जाणवणाऱ्या दोषाने पछाडून टाकणारा एक आजार आहे, आणि तो शंभरात सुमारे दोन जणांना असतो. केस हा त्यातला नेहमीचा विषय. वर्तनोपचार आणि औषधं यांचा त्यावर चांगला उपयोग होतो. अशा वेळी नवा कट शोधत फिरण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

बाकीच्यांसाठी पुढचे काही महिने एक व्यावहारिक अडचण उरते. सगळीकडचे केस जवळपास एकाच वेगाने, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, पण मानेवरचे आणि कानांभोवतीचे केस आधी बेढब दिसू लागतात. तेवढ्यासाठी पुन्हा पूर्ण कट करून घेतला की वर कमावलेली लांबीही जाते. दर चार-पाच आठवड्यांनी फक्त मान आणि कानांची कड साफ करून घ्यावी, आणि वरच्या केसांना कात्री लावायची नाही हे खुर्चीत बसतानाच स्पष्ट सांगावं.