संत्र्याच्या रसातलं पोटॅशियम जातं कुठं?

नागपुरात मृग बहराची संत्री उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. त्यांच्या 200 मिलीलिटर रसात साधारण 400 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मिलीमोल पोटॅशियम असतं. किरकोळ वाटतं ना? पण 70 किलोच्या माणसात पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून पोटॅशियम असतं जेमतेम 60 मिलीमोल. वरण-भाजीच्या भरपेट जेवणातून 30 मिलीमोल सहज येतं. ते बाहेरच राहिलं, तर रक्तातली पातळी प्रतिलिटर 4 मिलीमोलवरून 6 च्या पुढे जाईल आणि हृदयाची लय धोक्यात येईल.

तसं होत नाही, कारण शरीर पोटॅशियम आधी पेशींत साठवतं आणि मग सवडीने बाहेर टाकतं. जेवल्यावर इन्शुलिन वाढतं, तसा पेशींच्या आवरणातला पंप जोर धरतो: 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. हे मिनिटांत घडतं. पेशीत प्रतिलिटर सुमारे 140 मिलीमोल आणि बाहेर 3.5 ते 5, याच तफावतीवर नसा-स्नायूंचं विद्युत काम चालतं.

मूत्रपिंडाला मात्र तास लागतात. गाळलेलं बहुतेक पोटॅशियम ते आधी परत शोषून घेतं. लघवीत किती जाणार, हे मूत्रपिंडातल्या नलिकेच्या शेवटच्या भागात अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने ठरतं. तिथवर सोडियम आणि पाणी पुरेसं पोचलं नाही, तर पोटॅशियम अंगातच राहतं. म्हणूनच मे महिन्यात पाणी कमी पडून लघवी घटली की मूत्रपिंडाच्या रुग्णाने विशेष जपावं. घामातून मुख्यतः सोडियम जातं, प्रतिलिटर 40 ते 60 मिलीमोल. पोटॅशियम 4 ते 8 च.

निरोगी माणसाने संत्री खुशाल खावीत. पण मूत्रपिंड कमजोर असताना टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन असं रक्तदाबाचं, पोटॅशियम अंगात अडवणारं औषध चालू असेल, वर रोज नारळपाणी आणि लो-सोडियम मीठ असेल, तर हे सगळं मिळून घातक ठरतं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि हे घरात कुणी सांगत नाही. अशा रुग्णाची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकावं.

रक्ताच्या अहवालात पोटॅशियम 6 दिसलं, तर रक्त घेताना पट्टा फार वेळ आवळला होता का, मूठ वारंवार वळली होती का, हे विचारावं. पेशींतलं पोटॅशियम झिरपून आकडा खोटा वाढतो. नमुना पुन्हा द्यावा. ईसीजी मात्र लगेच काढावा: त्यात टोकदार, उंच टी-लहरी दिसल्या, तर दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू होतात.