केपटाउनचा बिबट्या भेक: नोंद ऑगस्टची आणि ऑगस्टबाहेरची

दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाला पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे साधारण मे ते ऑगस्ट. तिथला पश्चिमी बिबट्या भेक, शास्त्रीय नाव स्क्लेरोफ्रिस पँथेरिना, अंडी घालायला याच पावसाळ्याचा शेवट गाठतो. जुलैअखेर ते सप्टेंबर, त्यातही मुख्यतः ऑगस्टमधल्या मोजक्या रात्री. एरवी तो तळ्यापासून लांब, झुडपांच्या बुडाशी आणि घरांच्या बागांत किडे-गोगलगाई खात राहतो. केप द्वीपकल्प, केप फ्लॅट्सचा सखल भाग आणि पूर्वेकडचे अगुल्हास मैदान, एवढाच त्याचा मुलूख. जात संकटग्रस्त गणली जाते.

अँड्र्यू स्मिथ यांनी १८२८ मध्ये तिचे वर्णन केले. पुढे बराच काळ पूर्वेकडच्या ईस्टर्न केप प्रांतातले बिबटे भेक आणि हे एकाच जातीत मोडत. आता तिकडची ती वेगळी जात, स्क्लेरोफ्रिस पार्डालिस. म्हणून जुनी नोंद हाती आली की आधी ठिकाण पाहावे, नाव मागाहून.

प्राणी ओळखायला तसा सोपा. पिवळ्या पाठीवर तांबूस ते गडद तपकिरी मोठे डाग, मधोमध पिवळी रेघ, डोळ्यांमागच्या विषग्रंथी ठळक आणि तांबूस. मादी मोठी, चौदा सेंटिमीटरपर्यंत भरते. हंगामात नराचा गळा काळपट होतो. त्याच्या काखांना धरून उचलले की सुटकेसाठी ओरडतो, मादी गप्प राहते. नराची साद म्हणजे चक्क घोरणे: खोल, संथ, सुमारे सेकंदभर, मग तीन-चार सेकंदांची उसंत. घोटाळा होतो तो गटरल भेकाशी. हा परका भेक २००० च्या सुमारास केपटाउनच्या कॉन्स्टान्शिया उपनगरात आढळला आणि तिथेच वाढला. त्याच्या डोक्यावर गडद ठिपक्यांमधून फिकट फुली उमटते आणि मांडीच्या मागच्या बाजूला लाली असते. बिबट्या भेकाच्या मांडीवर ती नसते. शिवाय गटरल तिथल्या उन्हाळ्यात, डिसेंबरच्या आसपास, ओरडतो. डिसेंबरात तळ्यावर भेकांचा कल्ला ऐकून बिबट्या भेकाची नोंद टाकणे म्हणूनच धोक्याचे.

डागांची मांडणी प्रत्येक प्रौढात वेगळी, म्हणून चांगला फोटो असेल तर तोच भेक पुढच्या वर्षी ओळखता येतो, अंगाला खूण करावी लागत नाही. फोटो बरोबर वरून घ्यावा, नाकापासून गुदद्वारापर्यंत सगळी पाठ दिसली पाहिजे. ओल्या कातडीवर फ्लॅश चमकतो आणि नेमके डागच पुसले जातात, तेव्हा टॉर्च बाजूने धरावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. भेक पाठ कुबडी करून बसला असेल तर लांबी कमी भरते, तो सैल होईपर्यंत थांबावे.

ठिकाणाच्या बाबतीत कंजुषी नको. दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या नोंदी पाव अंशाच्या चौकटींत असतात. ३४१८ एबी म्हणजे ३४ अंश दक्षिण, १८ अंश पूर्व या अंशचौकटीचा वायव्य पाव भाग (ए) आणि त्याचा पुन्हा ईशान्य पाव भाग (बी). ही एक चौकट साधारण २७ बाय २३ किलोमीटरची आहे. केप द्वीपकल्पावरची नूर्डहुक, फिश हुक आणि झांडव्हलेई ही तिन्ही ठिकाणे तिच्यात मावतात. जातीचा एकूण पसारा दाखवायला ती पुरते, पण भेक कुठला रस्ता ओलांडतो हे तिच्यावरून कळत नाही. जीपीएसचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, पाऊस होता का, आणि भेक जिवंत की मेलेला, एवढे लिहिलेच पाहिजे.

तळ्याकडे निघालेले भेक गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून ऑगस्टच्या पावसाळी रात्री स्वयंसेवक डोक्याला दिवे आणि अंगात चमकते जॅकेट घालून रस्त्यावर उभे राहतात. भेक ज्या दिशेने निघाला होता त्याच बाजूला उतरवतात. उलट सोडला तर तो पुन्हा रस्त्यावर येतो, आणि दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडले तर रोगही सोबत जाऊ शकतो. अंड्यांनी भरलेली एक मादी चाकाखाली गेली तर हजारो अंडी गेली, एका खेपेला ती वीस हजारांवर अंडी घालू शकते. मेलेल्याची नोंद झाली की त्याला बाजूला काढावे, नाहीतर मागून येणारा तोच भेक पुन्हा मोजतो.

मात्र या नोंदी जिथे माणसे उभी होती तिथल्या. ज्या गल्लीत कोणी फिरकले नाही तिथे भेक नाहीत, असे म्हणता येत नाही. माझ्या मते एखाद्या बागेतली फेब्रुवारीतली एक नोंद ऑगस्टमधल्या दहा नोंदींहून मोलाची असते, कारण भेक वर्षातला बहुतेक काळ जिथे काढतो ते ठिकाण तिच्यातून कळते. पिल्लांचेही तसेच. अंड्यांपासून दहाएक आठवड्यांनी, ऑक्टोबर ते डिसेंबरात, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची पिल्ले पाण्याबाहेर पडतात आणि गवतात दिसेनाशी होतात. गवत कापायच्या आधी तेवढे पाहून घ्यावे.

बागेतल्या नोंदी पुष्कळदा पोहण्याच्या तलावातून मिळतात. सरळ उभ्या भिंतींमुळे आत पडलेल्या भेकाला वर चढता येत नाही आणि तो दमून बुडतो. उपाय एका खरखरीत फळीचा: एक टोक पाण्यात, दुसरे काठावर घट्ट, आणि फळी भिंतीला चिकटून. मध्यभागी तरंगती ठेवून फारसा उपयोग नाही, कारण भेक भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारतो.